परत येतं का?

१९८२च्या पावसाळ्यात एका सकाळी मी मंडईतून पाच किलो कडवे वाल घेतले, लूनाच्या पुढच्या मोकळ्या जागेत पिशवी पायांच्या मध्ये धरली आणि तशीच प्रयोगशाळेत गेले. दारातच मामा उभे होते. मामा म्हणजे आमचे शिपाई. बाटल्या धुण्यापासून बर्फ आणण्यापर्यंत सगळं तेच बघायचे. त्यांनी पिशवीत हात घातला, मूठभर वाल तळहातावर पसरले आणि म्हणाले, “ताई, माल चांगलाय. पण एवढं बिरडं सोलणार कोण?”

बिरडं होणार नव्हतं. वाल दळायचे होते, पिठातला तेलाचा अंश ॲसिटोनने काढून टाकायचा होता आणि उरलेल्या कोरड्या पिठातून एक प्रथिन वेगळं करायचं होतं. पीएच.डी.ला नाव नोंदवून जेमतेम महिना झाला होता. पुढची पाच वर्षं मी त्या एका प्रथिनाच्या मागे होते, आणि नंतरची तीस वर्षं त्याच्यापायी पडलेल्या एका प्रश्नाच्या मागे.

हे प्रथिन ट्रिप्सिनला अडवतं. ट्रिप्सिन हे लहान आतड्यात काम करणारं एन्झाइम. अन्नातल्या प्रथिनांची साखळी ते तोडतं, पण वाटेल तिथे नाही. लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्लं जिथे असतील त्यांच्या पुढेच त्याची कात्री चालते. ट्रिप्सिनच्या अंगात एक खोल खाच असते. खाचेच्या तळाशी ऋण विद्युतभार असतो, आणि लायसिनचा धनभार असलेला लांब हात त्या खाचेत बरोबर जाऊन बसतो. वालातलं प्रथिन ट्रिप्सिनपुढे असाच हात करतं. ट्रिप्सिन तो पकडतं, तोडायला जातं आणि तिथेच अडकून बसतं. धड तोडता येत नाही, धड सोडता येत नाही. शेंगेला अळी लागते, जनावर तोंड घालतं. त्यांच्याही पोटात अशीच एन्झाइमं असतात. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून त्याने आपल्या बीसाठी केलेली ही तजवीज आहे.

हे मला कळायच्या कितीतरी आधी माझ्या आजीच्या हातांना कळलेलं होतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात वाल रात्री भिजत पडायचे, दुसऱ्या दिवशी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधले जायचे, आणि मोड आले की कोमट पाण्याच्या पातेल्यात. मग आम्ही नातवंडं गोल करून बसायचो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वाल धरायचा आणि मोडाच्या उलट्या बाजूने हलकेच दाबायचा. डाळिंबी सालातून सुळकन बाहेर येते आणि मोड शाबूत राहतो. कुणाच्या हातून मोड तुटला तर आजी रागवायची नाही, फक्त ती डाळिंबी उचलून वेगळ्या वाटीत टाकायची. तेवढं पुरायचं. उसळ शिजली की ती एक डाळिंबी काढून बोटांनी दाबून बघायची, आणि जरा जरी कणी लागली तरी पातेल्यावर पुन्हा झाकण. “कच्चं राहिलं तर पोटाला बाधेल,” एवढंच म्हणायची.

पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी मी कच्च्या वालाचा, मोड आलेल्या वालाचा आणि नीट शिजवलेल्या डाळिंबीचा अर्क शेजारी शेजारी ठेवून तपासला. मोड आल्यावर ट्रिप्सिनला अडवण्याची ताकद कमी झाली होती, शिजवल्यावर जवळजवळ संपली होती. आजी तेव्हा हयात नव्हती. तो आलेख प्रबंधात घातला नाही, कारण त्यात नवं काही नव्हतं. पण तो कागद मी फाडलाही नाही.

नवं काही नव्हतं म्हणते, त्यालाही कारण आहे. १९५५ साली ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण छापून आलं होतं: वाल आणि डबल बी यांच्यातली ट्रिप्सिन अडवणारी प्रथिनं स्फटिकरूपात मिळाल्याचं. लेखकांत पहिलं नाव के. सोहोनी. ग्रंथालयातल्या जुन्या बांधीव खंडात ते पान मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला फक्त आडनाव दिसलं. हा के. म्हणजे कमला, हे माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना नाकारलं होतं. त्या हटल्या नाहीत, अटी मान्य करून आत गेल्या आणि काम दाखवून बाहेर पडल्या. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, पेशींच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असतं हे तिथेच त्यांनी दाखवलं. मग भारतात परतून कडधान्यं, नीरा, म्हणजे गरिबाच्या पोटात जे जातं त्याच्यावर काम केलं. केंब्रिज पाहून आलेल्या बाईने मुंबईच्या विज्ञान संस्थेत वाल दळायला घेतले. त्या पानावर मी किती वेळ हात ठेवून बसले होते ते आठवत नाही, पण ग्रंथपाल दिवे मालवायला आले होते एवढं आठवतं.

शीतकक्षाविषयी सांगायलाच हवं. पुण्यातला एप्रिल-मे, बाहेर डांबर मऊ पडलेलं, आणि आम्ही मुली लोकरीचा स्वेटर घालून चार अंश सेल्सिअसच्या खोलीत. प्रथिनाला उष्णता सोसत नाही म्हणून सगळं काम थंडीत. वालाच्या अर्कात अमोनियम सल्फेटची पूड चिमूट चिमूट टाकत ढवळत राहायचं. एका क्षणी स्वच्छ द्रावणात दुधासारखी झाक येते आणि प्रथिनं साक्याच्या रूपाने खाली बसू लागतात. घाई केली तर फेस होतो आणि प्रथिन बिघडतं. तो साका विरघळवून डायलिसिसच्या पिशवीत भरायचा, पिशवीला दोन्हीकडे गाठी मारायच्या, मीठ निघून जाईपर्यंत पाणी बदलायचं. मग काचेच्या उंच नळीत भरलेल्या, रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या सेफाडेक्सच्या मण्यांवरून ते द्रावण थेंब थेंब उतरायचं, एकेका परीक्षानळीत तीन-तीन मिलिलीटर. अशा शंभर नळ्यांपैकी चार-पाचांत आपलं प्रथिन. पाच किलो वालातून शेवटी हाती आलं ते एका लहानशा कुपीच्या तळाशी मावलं.

आणि ते होतं मात्र विलक्षण चिवट. सोयाबीनमधलं असंच प्रथिन बोमन यांनी १९४६ साली पाहिलं आणि १९६१मध्ये येहुदित बर्क यांनी शुद्ध केलं, म्हणून या जातीला बोमन-बर्क म्हणतात. फक्त ७१ अमिनो आम्लांची साखळी, पण तिच्यात गंधकाचे सात टाके. एवढ्या लहान अंगाला इतके टाके घातल्यावर ते सहजी उसवणार कसं? शिवाय त्याला तोंडं दोन: एकाने ट्रिप्सिन अडवतं, दुसऱ्याने त्याच वेळी कायमोट्रिप्सिन हे पचनाचं दुसरं एन्झाइम. एका दिवाळीच्या सुट्टीत आमचा डीप फ्रीझर बंद पडला. परत आलो तेव्हा खाली पाण्याचं थारोळं आणि कुप्यांवरची अक्षरं पुसलेली. माझं ट्रिप्सिन मेलं होतं. वितळलेल्या द्रावणात त्याने स्वतःलाच तोडून खाल्लं होतं, ट्रिप्सिनचा तो स्वभावच आहे. वालाचं प्रथिन जसंच्या तसं होतं. मी त्या कुपीला हातात घेऊन रडले होते. दमणूकही होती त्यात, पण कौतुक जास्त होतं.

आता तो प्रश्न.

सरांना सिद्ध करून हवं होतं की या प्रथिनाचा ट्रिप्सिनकडे जाणारा हात लायसिनच आहे. आज जनुक वाचून, एक अक्षर बदलून हे दोन महिन्यांत करता येतं. तेव्हा ते आमच्या आवाक्यात नव्हतं. त्याऐवजी एक वेगळीच कला होती, रासायनिक फेरबदलाची. प्रत्येक अमिनो आम्लाला चिकटणारं एकेक रसायन ठरलेलं असे. लायसिनसाठी एक, आर्जिनिनसाठी फिनाइलग्लायॉक्झल, ट्रिप्टोफॅनसाठी एन-ब्रोमोसक्सिनिमाइड, हिस्टिडिनसाठी डीईपीसी, गंधकाच्या मोकळ्या गटासाठी एलमन यांनी १९५९ साली दिलेलं, पिवळा रंग सोडणारं रसायन. एकेक चिकटवून बघायचं की प्रथिनाचं काम थांबतं का. ज्याने थांबेल ते अमिनो आम्ल कामाचं. अंधाऱ्या घरात एकेक फ्यूज काढून कुठला दिवा कशावर आहे ते शोधावं, तसं.

मी लायसिनवर एक रसायन चिकटवलं, अडवणं बंद झालं, आणि मी आलेख घेऊन धावत सरांच्या खोलीत गेले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, आलेख पाहिला आणि विचारलं, “थांबवलंस की मारलंस?”

मला कळलं नाही.

“अगं, हातोडी घातली तरी काम थांबतंच. तुझ्या रसायनाने लायसिन झाकलं म्हणून थांबलं, की सगळं प्रथिनच विसकटलं म्हणून? काढ ते रसायन. मग बघ, परत येतं का.”

परत येतं का. सर हे तीन शब्द पुढे इतक्या वेळा म्हणाले की आम्ही विद्यार्थी आपापसातही तेच म्हणू लागलो.

लायसिनवर बसून पुन्हा उठणारं रसायन म्हणजे सिट्राकॉनिक अनहायड्राइड. आठ-साडेआठ पीएचला ते लायसिनला चिकटतं आणि त्याचा धनभार उलटून ऋण करून टाकतं. मग ट्रिप्सिनच्या खाचेतला ऋणभार त्याला जवळ करणार कसा? आणि द्रावण आम्लधर्मी केलं की ते आपोआप गळून पडतं. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात माझ्या हाती काहीच लागेना. चिकटवायला गेले तर चिकटेचना. मात्रा वाढवली, वेळ वाढवला, नवी बाटली मागवली. सहा आठवडे गेले. सरांपुढे जायचं टाळत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या माझ्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने माझी वही मागून घेतली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, “बफर ट्रिसचा आहे?”

बफर म्हणजे द्रावणाचा पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण; माझं ट्रिसचं होतं, आणि ट्रिस हाच मुळात एक अमाइन आहे. लायसिनच्या टोकाला जो गट असतो तोच त्याच्याही अंगावर असतो. माझ्या नळीत एका लायसिनमागे ट्रिसचे रेणू हजारोंनी होते. मी घातलेलं सगळं रसायन तेच गिळत होते, आणि लायसिन त्यांच्या आड सुरक्षित. चूक माझी होती, पहिल्या दिवसाची होती, आणि मी ती रोज नव्याने नीट मोजून करत होते. त्या मैत्रिणीने कुणाला सांगितलं नाही. तिने तो शब्द ज्या हळुवारपणे उच्चारला तो मी विसरलेले नाही. पुढे माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतल्या चुकांवर बोट ठेवायची वेळ आली की मला तिचाच आवाज काढावासा वाटायचा.

फॉस्फेटच्या बफरमध्ये प्रयोग लावला तो १९८५च्या फेब्रुवारीत. आमची मोजण्याची पद्धत अशी: ट्रिप्सिनला बापना नावाचं कृत्रिम खाद्य द्यायचं. ट्रिप्सिनने ते तोडलं की पिवळा रंग सुटतो. सदतीस अंशाला दहा मिनिटं, मग ॲसिटिक आम्ल घालून थांबवायचं आणि ४१० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. म्हणजे पिवळं झालं तर ट्रिप्सिन मोकळं, पांढरं राहिलं तर अडवलेलं.

स्टँडमध्ये चार नळ्या. पहिलीत नुसतं ट्रिप्सिन: गडद पिवळी, हळद कालवल्यासारखी. दुसरीत ट्रिप्सिन आणि वालाचं प्रथिन: पाण्यासारखी. तिसरीत सिट्राकॉनिक चिकटवलेलं वालाचं प्रथिन: पिवळी, म्हणजे अडवणं संपलं. चौथीत तेच चिकटवलेलं प्रथिन, पण साडेतीन पीएचला रात्रभर ठेवून, रसायन गाळून टाकून, पुन्हा आठ पीएचवर आणलेलं. घड्याळाकडे बघत मी ती नळी उजेडासमोर धरली. चौथ्या मिनिटाला पांढरी. सातव्या मिनिटाला पांढरी. दहाव्या मिनिटाला अगदी फिकट, लिंबाच्या पाण्याइतकी झाक. रीडिंग घ्यायच्या आधीच मला कळलं होतं. परत आलं होतं.

सर खोलीत नव्हते. मामांना दाखवलं. त्यांनी चारही नळ्या बघितल्या आणि म्हणाले, “ही दुसरी नि ही चौथी सारखीच की हो.” माझ्या प्रबंधाचं सहावं प्रकरण यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

त्या रात्री घरी जेवताना बाबांना हे सगळं सांगितलं. बाबा टेलिफोन खात्यात होते, रसायनशास्त्र शाळेपुरतं. त्यांनी ऐकून घेतलं, ताक प्यायले आणि झोपायला गेले. मला वाटलं, झालं.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आमच्यासारख्यांना लग्नकार्यात हमखास विचारला जातो. मला तो कधी टोचला नाही, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि मांडवात एका वाक्यापेक्षा जास्त कुणाला वेळ नसतो. निम्मं औषधाचं दुकान एन्झाइमांना अडवण्यावर चालतं, हे ते वाक्य. रक्तदाबाची कॅप्टोप्रिल १९८१ साली आली, ती ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाचा माग काढत. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांच्या मुळाशी अकिरा एन्डो नावाचा जपानी माणूस आहे, ज्याने हजारो बुरशा एकामागून एक तपासल्या. पण मला सांगायचंय ते ॲस्पिरिनचं, कारण ते आमच्या घरात घडलं.

१९९८ साली बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि तेव्हापासून रोज नाश्त्यानंतर ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन सुरू झाली. पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हा सर्जननी आठवडाभर आधी गोळी थांबवायला सांगितलं. बाबा अस्वस्थ झाले. “डोकेदुखीला घेतलेली ॲस्पिरिन संध्याकाळपर्यंत उतरते. मग ही आठ दिवस आधी का बंद करायची?”

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, “बाबा, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट असतात ना, त्यांच्यात एक एन्झाइम आहे. ॲस्पिरिन त्या एन्झाइमच्या सेरिन नावाच्या एका अमिनो आम्लावर आपला छोटासा तुकडा चिकटवून निघून जाते. गोळी रक्तातून तासाभरात जाते, पण तो तुकडा मागे राहतो. दुसऱ्या पेशी असत्या तर त्यांनी नवं एन्झाइम बनवलं असतं. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, तिला नवं बनवता येत नाही. ती आठ-दहा दिवस जगते, तोवर तशीच.”

“म्हणजे चिकटलं ते चिकटलं?”

“हो.”

बाबा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या वालाचं परत आलं होतं.”

वीस वर्षं होत आली होती त्या जेवणाला.

ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन ही ताप-सूज आणणारी द्रव्यं तयार होणं थांबवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. ही माहिती मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवली आहे. पण ज्या दिवशी बाबांनी ते वाक्य उच्चारलं, त्या दिवसापासून शिकवताना मी थोडं हळू बोलायला लागले.

आईचा मधुमेहही याच जातीचा धडा होता. तपासणीच्या आधी दोन दिवस ती चहात साखर घ्यायची नाही आणि उपाशीपोटीची साखर छान यायची. मग डॉक्टरांनी एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी सुरू केली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या पहिल्याच अमिनो आम्लाला, व्हॅलिनला, रक्तातली साखर आपली आपण जाऊन चिकटते, कुठलंही एन्झाइम लागत नाही. रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, तोवर ती नोंद पुसली जात नाही. दोन दिवसांच्या बिनसाखरेच्या चहाने तीन महिन्यांचा हिशेब बदलत नाही, हे आईला समजावताना मला वाईटच वाटलं होतं. तिला गोड फार आवडायचं.

नोकरीतली पुढची वर्षं लवकर सांगून टाकते, कारण ती चारचौघांसारखी होती. जिवाणूंची एन्झाइमं, लाकडाच्या लगद्यावर चालणारं झायलनेज, त्यांच्या क्रियास्थानी कुठली अमिनो आम्लं आहेत याचा शोध. प्रकल्प, अहवाल, मार्चअखेरची खरेदी, परदेशातून येईपर्यंत वाटेतच खराब झालेली रसायनं. विद्यार्थी आले, शिकले, गेले. माझी एक विद्यार्थिनी हिस्टिडिनवर डीईपीसी चिकटवायची आणि मग हायड्रॉक्सिलअमाइन घालून ते काढायची. मी तिला तेच विचारायचे: परत येतं का? आलं की आम्ही दोघी कॅन्टीनला जायचो.

हे हायड्रॉक्सिलअमाइन लक्षात ठेवा.

२०११च्या डिसेंबरात सासवडच्या पुढच्या आमच्या आजोळच्या गावाहून फोन आला. माझा मामेभाऊ पावट्यावर फवारणी करत होता. शेंगा पोखरणारी अळी पडली होती. वारा सुटलेला, तोंडाला रुमालसुद्धा नाही. दुपारी शेतातच कोसळला. मी पुण्यातल्या रुग्णालयात पोचले तेव्हा त्याला आत नेलं होतं. त्याची बायको बाकावर बसली होती, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली औषधाची बाटली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने आपल्या बुद्धीने ती उचलून आणली होती. त्याबद्दल मी तिला जन्मभर मानीन.

या औषधांचं काम मला पाठ होतं. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवणारं ॲसिटिलकोलिन, आणि निरोप पोचला की ते तोडणारं कोलिनेस्टरेज. हे एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू तोडतं, म्हणून आपला एक श्वास संपून दुसरा घेता येतो. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक त्या एन्झाइमच्या सेरिनला फॉस्फेटचा तुकडा चिकटवतं. मग निरोप थांबतच नाही. बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ, घाम, स्नायूंची फडफड, आणि शेवटी छाती. मी आयुष्यभर काचेच्या नळीत जे केलं होतं, तेच माझ्या भावाच्या अंगात चाललं होतं, आणि तिथेही प्रश्न तोच होता.

परत येतं का?

येतं, वेळेत पोचलं तर. अर्विन विल्सन यांनी १९५१ साली दाखवलं की असं अडकलेलं कोलिनेस्टरेज हायड्रॉक्सिलअमाइनने पुन्हा मोकळं होतं. त्याच रसायनाच्या घराण्यातून काही वर्षांनी प्रॅलिडॉक्सिम निघालं. डॉक्टर त्याला पॅम म्हणतात. ते फॉस्फेटचा तुकडा उचलून काढतं. पण सेरिनवर बसलेला तुकडा काही काळाने आपला एक अवयव टाकून देतो आणि पक्का होतो. मग पॅमलाही तो हलत नाही. तो काळ किती, हे औषधावर अवलंबून. ज्याच्यावर मिथिल गट असतात त्यात काही तास. इथिल असतील तर दिवसाहून जास्त.

मी बाटली पिशवीतून काढली. हात थरथरत होते, अक्षरं बारीक होती, पर्समध्ये चष्मा सापडेना. लेबल दिव्याजवळ धरलं. क्लोरपायरीफॉस. मी डोळे मिटून त्याची रचना आठवली. दोन इथिल.

“वेळ आहे,” मी म्हणाले. तिने विचारलं नाही कशाला. तिने नुसता माझा हात धरला.

लाळ-घाम आवरणारं ॲट्रोपिन सुरूच होतं, पॅमही सुरू झालं. पॅम किती द्यावं, किती वेळ द्यावं, यावर डॉक्टरांत आजही एकमत नाही. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या बारामतीतल्या २०० रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात पॅम मोठ्या मात्रेत सतत देत राहिल्याने चांगला गुण दिसला होता, पुढे श्रीलंकेतल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. काचेच्या नळीत जे दहा मिनिटांत पांढरं-पिवळं होऊन समोर दिसतं, ते माणसात इतकं सरळ नसतं. हे मला माहीत होतं. तरी त्या रात्री मी दर तासाला घड्याळ बघून हिशेब करत होते.

सहाव्या दिवशी तो नीट बोलला. पण रक्तातलं कोलिनेस्टरेज पूर्ववत व्हायला महिने लागले. जे पक्कं झालं ते झालं; त्याच्या जागी नवी रक्तपेशी येईल तेव्हाच नवं एन्झाइम. दिवसाला साधारण एक टक्का, या गतीने ते भरत येतं. तपासणीचा आकडा तो मला फोनवर वाचून दाखवायचा आणि मी तो कॅलेंडरवर लिहून ठेवायचे, गॅसच्या सिलिंडरच्या तारखेखाली. २०१७ साली यवतमाळात फवारणी करता करता शेतमजूर दगावल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मला पेपर पुरता वाचवला नाही. कितीजणांच्या बायकांनी बाटली उचलून आणली असेल, आणि कितीजणांना ती वाचणारं कुणी भेटलं असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

एक गोष्ट मला आजही आत कुठेतरी लागते. ज्या पावट्यावर तो विष मारत होता, त्या पावट्याच्या बीमध्ये अळीला अडवणारं प्रथिन आधीपासून आहे. मग अळी खाते कशी? अळीही शिकलेली असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९९९ साली घाटेअळीवरचं एक सुंदर काम प्रसिद्ध झालं. हरभरा, तूर, कापूस या जिच्यावर अळी वाढते त्या पिकांची प्रथिनं तिच्या पोटातल्या एन्झाइमांना फारशी अडवू शकत नाहीत. पण भुईमूग, चौधारी घेवडा, बटाटा, ज्यांच्याशी तिची ओळख नाही, त्यांची प्रथिनं तिची वाढ खुंटवतात. समोर अडवणारं आलं की अळी आपल्या पोटातली एन्झाइमं बदलते, अडवता न येणारी काढते. झाड एक कुलूप बदलतं, अळी दुसरी किल्ली घडवते. या शर्यतीत अजून काम करण्याजोगं पुष्कळ आहे, आणि ते शेताच्या बांधावर पोचायला हवं. मी आज पंचविशीत असते तर हेच केलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी हे अगदी आग्रहाने सांगते.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मामा गेले, सर गेले, बाबाही. १९८५ची वही आहे; चार नळ्यांची रीडिंग असलेल्या पानावर ॲसिटिक आम्लाचा एक डाग आहे.

मार्गशीर्ष लागला की मामेभावाचा फोन येतो. परवाही आला.

“ताई, पावटा भरलाय. या आठवड्यात तोडणी. तू येतेस का मी पाठवू?”

“फवारणी कधी केली होतीस?”

“आता महिना होईल. एकदाच केली, आणि कडुनिंबाच्या अर्काची.”

“आणि तोंडाला?”

“मास्क, हातमोजे, चष्मा. ही बांधावर उभी राहून बघत होती, घातल्याशिवाय पंपच देत नाही हातात.”

मी म्हटलं, पाठवू नकोस, रविवारी मीच येते.